जोत्याला तडा दिसला की लगेच पुट्टी नको: तडा तपासायचा पूर्ण क्रम

नवी मुंबईत ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, इकडे ठाण्यात कळवा, नौपाडा, कुठेही बघा, तळमजल्याच्या भिंतीला खाली जोत्याजवळ (प्लिंथ, म्हणजे जमिनीपासून लादीपर्यंतचा उंचवटा) तडा दिसला की लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. एकतर घाबरून कॉन्ट्रॅक्टरला बोलावतात आणि तो दोन मिनिटं बघून "केमिकल मारायला लागेल" म्हणून मोठा आकडा सांगून जातो, नाहीतर गणपती आलेत, रंग द्यायचाच आहे, म्हणून पेंटरला सांगतात की भरून टाक. दोन्हीत चूक तीच होते. तडा अजून हलतोय की कधीच थांबलाय हे कुणी बघतच नाही, आणि ते कळायचा जो पुरावा भिंतीवर होता तो पुट्टीखाली जातो. मग पुढच्या पावसाळ्यात तडा परत त्याच जागी येतो आणि आधी किती रुंद होता, कुठपर्यंत गेला होता, कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून खाली क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका कारण पुढची पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. सिडकोची बैठी घरं, रो हाऊस, गावठाणातली घरं, जुने बंगले आणि तळमजल्याचे फ्लॅट या सगळ्यांना हे लागू आहे. मोठ्या बिल्डिंगच्या स्टिल्टमधले (खालच्या मोकळ्या पार्किंगमधले) कॉलम हा सोसायटीचा विषय, त्याचं पुढे वेगळं सांगतो.

१. सगळ्यात आधी: घरात थांबायचं की बाहेर पडायचं

बाकी सगळ्या पायऱ्या शांतपणे करायच्या, ही मात्र आज, आत्ता. खालच्यापैकी एक जरी गोष्ट दिसत असेल तर मोजमाप वगैरे काही करत बसू नका.

- तडा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत डोळ्याला कळेल इतका वाढलाय
- भिंतीतून, कॉलममधून किंवा स्लॅबमधून कडकड आवाज येतोय, वाळू-चुरा गळतोय
- कॉलमचं काँक्रीट चुरडल्यासारखं फुटलंय, आतल्या सळ्या बाहेरच्या बाजूला वाकल्यात
- काल नीट लागणारे दोन-तीन दरवाजे आज एकदम अडकायला लागलेत
- भिंत मधे फुगलीये किंवा बाहेरच्या बाजूला झुकलीये

असं असेल तर गॅसचा रेग्युलेटर बंद करा, मेन स्विच बंद करा, घरातल्यांना घेऊन बाहेर पडा, शेजाऱ्यांना सांगा (रो हाऊसमध्ये भिंत दोघांची असते, त्यांचं घरही त्याच जोत्यावर आहे) आणि ११२ ला किंवा महानगरपालिकेच्या आपत्ती कक्षाला फोन करा. कागदपत्रं, दागिने आणायला परत आत जाऊ नका. पावसाळ्यात रात्री असं काही दिसलं तर "सकाळी बघू" म्हणू नका, कृपा करून.

यातलं काहीच नसेल तर घाई नाही. आता नीट बघायला वेळ आहे.

२. तयारी

लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत: टॉर्च, मोजपट्टी, पेन्सिल, एक छोटी हातोडी, छन्नी, ओळंबा, मोबाईल, वही, आणि डिजिटल व्हर्नियर कॅलिपर. व्हर्नियर हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो, आत्ता एवढी एकच गोष्ट विकत घ्यावी लागेल आणि ती घ्याच, कारण "अंदाजे दोन मिलिमीटर" या वाक्याचा सहा महिन्यांनी काही उपयोग नसतो.

भिंतीला लावलेलं कपाट, गाद्या, बाहेरच्या कुंड्या, शूज रॅक सगळं हलवा. अर्धे तडे कपाटामागे असतात. बाहेरून प्लिंथच्या कडेने उगवलेलं गवत काढा. भिंत धुवू नका, घासू नका, तड्यातली माती ब्रशने काढू नका. आतली धूळ, जुना रंग, कोळ्याचं जाळं यावरून तड्याचं वय कळतं, ते पुढे लागणार आहे.

आणि घराबद्दल दोन गोष्टी शोधून ठेवा. एक, तुमचं घर भिंतींवर उभं आहे की कॉलमवर? कोपऱ्यांमध्ये कॉलमचे उंचवटे दिसतात का, स्लॅबखाली बीम आहेत का बघा. कॉलम कुठेच नाहीत आणि भिंती नऊ इंची किंवा दगडी आहेत तर बहुतेक भिंतीच स्लॅबचं वजन पेलतायत, आणि अशा भिंतीतला तडा जास्त गंभीरपणे घ्यायचा. दोन, मूळ घरावर नंतर मजला चढवलाय का. सिडकोच्या बैठ्या घरांवर एक-दोन मजले चढवणं हे नवी मुंबईत इतकं सर्रास झालंय की लोक ते सांगायलाही विसरतात. पण पाया मूळच्या एका मजल्यासाठी होता आणि आता त्यावर दुप्पट-तिप्पट वजन आहे, ही माहिती इंजिनिअरसाठी फार मोठी आहे.

३. सगळे तडे एका कागदावर आणा

वहीत प्रत्येक भिंतीचं साधं चित्र काढा, आतून एक आणि बाहेरून एक. दारं-खिडक्या दाखवा. मग प्रत्येक तड्याला नंबर द्या आणि चित्रात काढा: कुठून सुरू होतो, कुठे संपतो, कुठे रुंद, कुठे बारीक.

भिंतीवर प्रत्यक्ष तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. फुकटातला सगळ्यात कामाचा उपाय हाच आहे, महिन्याभराने टोक रेघेच्या पुढे गेलं तर तडा वाढतोय, संपलं.

फोटो दोन घ्या. एक लांबून, पूर्ण भिंत येईल असा, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. लोक नुसते जवळचे फोटो काढतात आणि नंतर तो कुठला तडा होता हेच ओळखू येत नाही.

पुढे जाण्याआधी तपासा: आतला तडा बाहेरच्या बाजूलाही त्याच जागी आहे का? दोन्हीकडे असेल तर तो भिंतीच्या आरपार आहे. रो हाऊस असेल तर शेजारच्या काकूंना विचारा, "तुमच्याकडे या भिंतीला काही आहे का हो?" संकोच करू नका. दोन्ही घरांत एकाच रेषेत तडा असेल तर तो एकट्या तुमच्या घराचा प्रश्नच नाही.

४. तडा प्लास्टरचा की भिंतीचा

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तड्याच्या दोन्ही बाजूंना बोटांच्या मागच्या सांध्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर तिथलं प्लास्टर भिंतीपासून सुटलंय. मग तड्यावरचं तळहाताएवढं प्लास्टर छन्नीने हलक्या हाताने काढा (फक्त विटांच्या भिंतीवर, कॉलम-बीमला छन्नी लावायची नाही). खाली वीट आणि सांधा अखंड असेल तर तडा प्लास्टरचाच आहे. विटेतून किंवा सांध्यातून पुढे जात असेल तर भिंतीचा.

प्लास्टरवर जाळीसारख्या बारीक बारीक भेगा असतील तर त्या बहुतेक वेळा प्लास्टर लवकर सुकल्याच्या, पाणी नीट न मारल्याच्या असतात. पायाशी संबंध नाही, झोप घालवू नका.

अजून एक नेहमीचा: कॉलम आणि वीटकाम जिथे भेटतात तिथे सरळ उभी भेग. काँक्रीट आणि वीट उन्हात वेगवेगळं प्रसरण पावतात, सांध्यावर जाळी मारलेली नसते, म्हणून भेग पडते. दिसायला भयंकर सरळ असते पण ती तेवढ्यावरच थांबलेली असेल आणि पावसाचं पाणी आत येत नसेल तर काळजीचं कारण सहसा नसतं.

५. तडा कुठल्या दिशेने जातोय

आता जे तडे खरोखर भिंतीत आहेत त्यांच्याकडे या.

तिरका किंवा पायऱ्यांसारखा, विटांच्या सांध्यांतून चढत जाणारा तडा म्हणजे भिंतीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खाली गेलाय अशी शंका घ्यायची. कुठला भाग? तड्याला काटकोनात एक रेघ खाली जाते अशी कल्पना करा, ती साधारण खचणाऱ्या बाजूकडे जाते. खिडक्या-दारं मधे आली की तडा त्यांचे कोपरे शोधतो आणि हे गणित बिघडतं, त्यामुळे एका तड्यावरून निकाल देऊ नका, दोन-तीन तडे एकच बाजू दाखवतायत का ते बघा.

रुंदी कुठे जास्त आहे तेही बघा. वर रुंद आणि खाली बारीक होत गेलेला तडा असेल तर बहुतेक घराचा टोकाचा किंवा कोपऱ्याचा भाग खाली जातोय. खाली रुंद आणि वर बारीक असेल तर मधला भाग बसतोय. एकसारखी रुंदी वरपासून खालपर्यंत असेल तर आकुंचन-प्रसरण असण्याची शक्यता जास्त.

तड्याच्या दोन्ही कडा एकाच पातळीत आहेत का ते बोट फिरवून बघा. एक कड पुढे आलीये आणि दुसरी मागे असं लागलं तर भिंत नुसती फाटलेली नाही, सरकलीये, आणि हे इंजिनिअरला आवर्जून दाखवायचं.

आडवा तडा कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून. जोत्याच्या वरच्या कडेला बारीक आडवी भेग बऱ्याच घरांत असते, तिच्यातून ओल चढते पण घर त्यामुळे खचत नसतं. मात्र जी भिंत मागून माती अडवते, म्हणजे येऊरच्या पायथ्याशी, कळव्याला पारसिकच्या उतारावर किंवा घोडबंदर रोडला पोडियमखाली असते तशी, तिच्या मधल्या उंचीवर आडवा तडा आणि थोडा फुगवटा असेल तर मागची माती आणि तिच्यात साचलेलं पाणी भिंतीला ढकलतंय. हा पाऊस संपेपर्यंत थांबायचा तडा नाही. भिंतीतली पाणी जायची भोकं माती-प्लास्टिकने बुजली आहेत का लगेच बघा, बाहेरच्या बाजूने मोकळी करता आली तर करा, भिंतीच्या पुढ्यात गाड्या आणि मुलं येऊ देऊ नका, आणि त्याच आठवड्यात इंजिनिअर बोलवा.

६. फरशी खचलीये की पाया

नवी मुंबईत हे वेगळं सांगायलाच हवं. खाडीलगतच्या बऱ्याच नोडमध्ये (सिडकोने वसवलेल्या भागांमध्ये) खाली मऊ खाडीची माती आणि वर मुरुमाचा भराव आहे. घराच्या आतही जोत्याच्या मधे भराव टाकून त्यावर लादी बसवलेली असते. हा आतला भराव नीट ठोकलेला नसेल तर काही वर्षांत बसतो आणि लादी खाली जाते, स्कर्टिंगखाली (भिंतीच्या बुडाशी लावलेल्या लादीच्या पट्टीखाली) फट पडते, लादीवर चालताना पोकळ वाजतं. लोक लगेच म्हणतात घर खचलं. पण भिंती प्लिंथ बीमवर किंवा स्वतःच्या पायावर असतात, लादी भरावावर. लादी खाली गेली आणि भिंतींना एकही तडा नाही, दरवाजे नीट लागतायत, तर प्रश्न भरावाचा आहे.

तसंच बाहेर घराभोवतीचा सिमेंटचा पट्टा भिंतीपासून सुटून खाली जातो. तोही भराव बसल्यामुळे. त्या फटीतून पावसाचं पाणी थेट पायाशी जातं म्हणून ती बंद करायला हवी, पण ती फट म्हणजे पाया खचल्याचा पुरावा नाही.

उलट लादीही खाली, भिंतीला तिरका तडा, आणि त्याच कोपऱ्यातली खिडकी अडकते, हे तिन्ही एकत्र असतील तर पायाबद्दल बोलावं लागेल.

गवंडी पाण्याची पारदर्शक नळी लावून लेव्हल काढतो, ती काढून घ्या, चारही कोपऱ्यांत भिंतीवर खूण करून ठेवा. फक्त एक लक्षात घ्या, एकदाच घेतलेल्या लेव्हलवरून काही ठरत नाही कारण घर बांधतानाच एक-दीड सेंटीमीटर इकडे-तिकडे झालेलं असू शकतं. त्याच खुणांवर काही महिन्यांनी परत लेव्हल घेतली की फरक खरा.

७. कॉलमचा तडा वेगळा हाताळा

कॉलमच्या खालच्या भागात, कोपऱ्यालगत, वरून खाली सरळ जाणारा उभा तडा आणि आजूबाजूला तपकिरी डाग असेल तर आतली सळई गंजतीये. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. आपल्याकडे खाडीची खारी हवा, जमिनीतली ओल आणि जुन्या कामात सळईवर कमी कव्हर (काँक्रीटचा थर), तिन्ही एकत्र येतात म्हणून जोत्याजवळच हे आधी दिसतं.

रंगाचे पोपडे, पांढरा खार आणि ओल एवढंच असेल तर ते वेगळं. गंजाचा तडा सळईच्या रेषेत धावतो आणि टकटक केलं की पोकळ वाजतो.

काँक्रीटच्या डिझाइनसाठी आयएस ४५६ या भारतीय मानकात तड्याच्या रुंदीची मर्यादा साधारण परिस्थितीत ०.३ मिलिमीटर, ओल किंवा मातीशी संपर्क असेल तर ०.२, आणि तीव्र वातावरणात ०.१ दिलीये. म्हणजे विटांच्या भिंतीत जो तडा किरकोळ म्हणून सोडू शकतो तो कॉलममध्ये किरकोळ नसतो.

सांभाळा: कॉलमचं सैल झालेलं काँक्रीट स्वतः किंवा गवंड्याकडून फोडून काढू नका. वजन पेलणाऱ्या कॉलमला आधी टेकू द्यावे लागतात, कुठे आणि किती ते इंजिनिअर ठरवतो. आणि गंजलेल्या सळईवर नुसतं सिमेंट प्लास्टर थापणं म्हणजे आतला गंज चालूच ठेवून वरून झाकणं, ते दोन-तीन पावसाळ्यांत परत फुटतं.

८. माप आणि नजर ठेवणं

भिंतीतल्या तड्यांसाठी भारतीय मानक ब्युरोच्या एसपी २५ या पुस्तिकेत सोपी विभागणी आहे: १ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे बारीक, १ ते २ मध्यम, २ च्या वर रुंद. घरात मोजायला साधनं आहेत. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर, क्लिक पेन्सिलची शिसं ०.५ आणि ०.७ ची मिळतात, झेरॉक्सचा एक कागद साधारण ०.१. जे सहज आत जातं आणि जे जात नाही त्यांच्यामधे तुमच्या तड्याची रुंदी.

पण नुसत्या रुंदीवर जाऊ नका. ४ मिलिमीटरचा तडा ज्याच्या आत जुना रंग आणि जळमट आहे आणि वर्षभर हललेला नाही, तो मला १ मिलिमीटरच्या पण दर महिन्याला वाढणाऱ्या तड्यापेक्षा खूप कमी काळजीचा वाटतो. आत रंग असेल तर तडा त्या रंगापेक्षा जुना आहे. कडा धारदार आणि आतली वीट ताजी लाल दिसत असेल तर नवीन.

काचेची पट्टी तड्यावर चिकटवायची पद्धत सगळ्यांना माहीत असते. ती ठीक आहे, पण काच फुटली की एवढंच कळतं की काहीतरी हललं, किती आणि कुठे ते कळत नाही, आणि सुटलेल्या प्लास्टरवर चिकटवली तर भिंत हलली तरी काच तशीच राहते. त्यापेक्षा तीन स्क्रूची पद्धत घ्या.

तड्याच्या एका बाजूला एकावर एक दोन स्क्रू आणि दुसऱ्या बाजूला एक, असा साधारण १०० मिलिमीटर बाजूंचा त्रिकोण करा. प्लास्टर काढून थेट विटेत रावल प्लग मारून बसवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे आपल्या हवेत गंजतात आणि माप बिघडतं. मग व्हर्नियरने स्क्रूंच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत त्रिकोणाच्या तिन्ही बाजू मोजायच्या. एका बाजूच्या दोन स्क्रूंमधलं अंतर बदलायला नको, ते बदललं तर मोजण्यात चूक आहे. बाकीची दोन अंतरं सारखी वाढली तर तडा रुंदावतोय, एक वाढलं आणि एक कमी झालं तर भिंत खाली-वर सरकतीये.

कॉलमला मात्र ड्रिल मारू नका, सळईला लागेल आणि पाणी आत जायला वाट होईल. तिथे छोटे धातूचे तुकडे इपॉक्सीने चिकटवा.

प्रत्येक माप तीनदा घ्या, सरासरी लिहा. वेळ तीच ठेवा, सकाळची, ऊन भिंतीवर यायच्या आधी, कारण दुपारी भिंत तापली की तडा थोडा मिटतो आणि तुम्हाला उगाच बरं वाटतं. पहिला महिना दर आठवड्याला, नंतर महिन्यातून एकदा. मे महिन्याचं एक माप, भर पावसाळ्यातलं एक आणि डिसेंबरचं एक, ही तीन हवीतच. म्हणजे सहा महिने तरी, शक्य असेल तर वर्ष.

वाचायचं असं: पावसात थोडं उघडलं, उन्हाळ्यात परत मूळ आकड्याला आलं, तर ऋतूप्रमाणे हलणारा तडा. दर वेळी थोडं थोडं एकाच दिशेने पुढे, परत मागे येतच नाही, तर हालचाल चालू आहे, वर्ष पूर्ण व्हायची वाट न बघता पायरी १० ला जा. ०.१ मिलिमीटरच्या फरकावरून मात्र काही ठरवू नका, तेवढा हाताचा फरक असतो.

९. पाणी शोधा

नजर ठेवण्याच्या काळात रिकामं बसायचं नाही. पायाच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ पाण्यात असतं, आणि ते घरमालकाला स्वतः शोधता येतं.

गच्चीचा पावसाचा पाइप खाली कुठे सुटतो बघा. अगदी भिंतीच्या बुडाशी सुटत असेल तर चार महिने तिथली माती धुपत असते. तो पाइप वाढवून गटारापर्यंत न्या. हे काम आजही करता येतं, इंजिनिअरची गरज नाही.

जमिनीखालची टाकी: रात्री पूर्ण भरा, येणारा-जाणारा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पातळीवर खूण करा, सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर ते पाणी तुमच्या पायाखालच्या मुरुमातून बारीक माती घेऊन जात असू शकतं.

ड्रेनेजसाठी संडासात आणि नहाणीत खायचा गडद रंग घातलेलं पाणी सोडा आणि चेंबर उघडून बघा, रंग वेळेवर आणि पूर्ण येतो का, की कुठल्या भिंतीच्या बुडाशी ओल रंगीत होते. चेंबरच्या भिंतीचे सांधे, पाइप चेंबरला भेटतो ती जागा बघा, तिथेच सगळ्यात जास्त फुटलेलं असतं. चेंबरमध्ये वाकून डोकं आत घालू नका, आत उतरू तर अजिबात नका, विषारी वायू असतो.

झाडांकडेही बघा. जोत्याच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं किंवा वडाचं रोप वरून कापून काही होत नाही, मुळं आतच राहतात आणि परत फुटतात. मुळासकट काढून मग भेग भरायची. मोठं झाड भिंतीजवळ असेल तर तोडायला धावू नका, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि एकदम तोडल्याने मातीतलं पाणी बदलून वेगळाच त्रास होऊ शकतो. इंजिनिअरला विचारा.

आणि शेजारच्या प्लॉटवर खोदकाम सुरू होणार असेल तर? वाशीत आणि नौपाड्यात पुनर्विकासाची कामं जोरात आहेत. खोदकाम सुरू व्हायच्या आधी तुमच्या घराच्या सगळ्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा, जिथे तडा नाही तिथलेही, आणि एक पत्र बिल्डरला आणि महापालिकेला देऊन पोच घ्या. तडा पडल्यावर "हा आधीपासूनच होता" हे उत्तर येतं आणि तेव्हा हातात काहीच नसतं.

१०. इंजिनिअर बोलावणं

महापालिकेच्या यादीवरचा स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्या. जो दुरुस्तीचं कामही स्वतःच घेणार आहे किंवा केमिकल विकतो त्याच्याकडून तपासणी करून घेऊ नका. तपासणारा वेगळा, करणारा वेगळा, इथे पैसे वाचवू नका.

त्याच्या हातात द्यायचं: तड्यांचा नकाशा, तारखेचे फोटो, मापांची वही, वाढवलेल्या मजल्यांची माहिती, पाण्याच्या तपासणीत काय सापडलं. एवढं असलं की त्याचा पहिला फेराच कामाचा होतो. आणि त्याला हे विचारा:

- हालचाल चालू आहे की थांबलीये, आणि हे कशावरून म्हणताय?
- कारण पाया, पाणी, जास्तीचं वजन की गंज?
- कुठल्या टेस्ट लागतील आणि प्रत्येकीतून काय कळणार?
- दुरुस्ती होईपर्यंत टेकू हवेत का, वरचा मजला रिकामा ठेवायचा का?

टेस्टची नावं ऐकून बिचकू नका. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाची कठीणता बघतो, अल्ट्रासोनिकने आतली पोकळी-भेगा कळतात, हाफ सेलने सळई गंजायची शक्यता कळते, आणि फिनॉल्फ्थॅलीन मारल्यावर ताजं फोडलेलं काँक्रीट गुलाबी झालं तर सळईला त्याचं संरक्षण बहुतेक अजून आहे, रंग आलाच नाही तर ते संपलंय. पायाच बघायचा असेल तर बाजूला खड्डा घेऊन उघडा करावा लागतो. तो खड्डा इंजिनिअर सांगेल तिथेच, एका वेळी एक, पावसाळ्यात नाही. उत्साहाच्या भरात पूर्ण भिंतीलगत चर खणला तर जो पाया आत्तापर्यंत उभा होता तोही सरकेल.

सोसायटीत राहत असाल तर स्टिल्टच्या कॉलमचा तडा सेक्रेटरीला लेखी कळवा, आपापल्या पार्किंगपुरतं प्लास्टर करून घेऊ नका. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी करायचं असतं, आणि ३० वर्षं झाल्यावर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. ऑडिटनंतर वर्गवारी मिळते: सी१ म्हणजे राहायला अतिधोकादायक, रिकामी करायची, सी२ए रिकामी करून दुरुस्ती, सी२बी न हलता दुरुस्ती, सी३ किरकोळ. सी२ए आलं आणि लोक राहूनच दुरुस्ती करू म्हणतात, हे ऐकलं की खरंच भीती वाटते.

११. भरणं, ते सुद्धा क्रमाने

आधी पाणी थांबवायचं. मग पायाचं किंवा कॉलमचं मजबुतीकरण जे सांगितलं असेल ते. मग तडा भरणं, मग प्लास्टर, मग रंग. उलट केलंत तर रंगाचे पैसे दोनदा जातात.

थांबलेल्या तड्यात इपॉक्सी किंवा पॉलिमर मॉर्टर चालतं, ते कडक असतं. हलणाऱ्या तड्यात कडक काही भरलं तर तडा त्याच्या शेजारून नवीन वाट काढतो, तिथे लवचिक सीलंट लागतो. विटांची भिंत असेल तर सांध्यांमध्ये आडव्या सळ्या घालून टाके घालतात. कुठलं वापरायचं हे मापांच्या वहीवरून ठरतं, दुकानदाराच्या सांगण्यावरून नको.

काम पावसाळा संपल्यावर, भिंत सुकल्यावर. ऑगस्टमध्ये ओल्या भिंतीवर भरलेलं डिसेंबरात सुटतं. गणपतीला घर चांगलं दिसायलाच हवं, मान्य, तर तेवढी भिंत सोडून बाकी रंगवा आणि तिच्यापुढे मखराचा पडदा लावा.

१२. काम झाल्यावर

कॉन्ट्रॅक्टरला आधीच सांगून ठेवा की तीन स्क्रू उपटायचे नाहीत. प्लास्टर त्यांच्या भोवतीने करून घ्या, नाहीतर त्याच जागी नवीन बसवून पहिलं माप त्याच दिवशी घ्या. पुढचा एक पूर्ण पावसाळा महिन्यातून एकदा मोजत राहा. गॅरंटीच्या कागदावर कुठला तडा, कुठली भिंत, कुठलं मटेरिअल हे नंबरसकट लिहून घ्या, "वॉटरप्रूफिंग व तडे भरणे" एवढ्या एका ओळीवर पुढे कुणीच परत येत नाही. आणि जूननंतर आकडा पुन्हा सरकायला लागला तर कॉन्ट्रॅक्टरच्या आधी इंजिनिअरला फोन.